रेईश मागूश: किल्ल्याआधी चर्च, चर्चआधी पायऱ्या

पणजीत कांपालच्या बाजूने मांडवीपलीकडे पाहिलं की नदीला चिकटून एक पांढरंशुभ्र चर्च आणि त्याच्या डोक्यावर जांभ्याचा किल्ला दिसतो. हे रेईश मागूश. गोव्याला येणारी मराठी मंडळी जुनं गोवं, मंगेशी, शांतादुर्गा आणि कळंगुट एवढं करून परततात. या गावाच्या वाट्याला आलीच तर कळंगुटला जाता जाता वीस मिनिटं येतात. त्या वीस मिनिटांत गाडी थेट किल्ल्याकडे जाते, बुरुजावर फोटो होतात आणि उतरताना गाडीच्या काचेतून चर्च दिसतं. किल्ला छान आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण या गावात पाहण्यासारखं जे खरं आहे ते खालीच राहतं.

बार्देश तालुक्यात ख्रिस्ती धर्म कुठून आणि कसा रुजला हे डोळ्यांनी पाहायचं असेल, तर याहून सोयीचं गाव नाही. बार्देश आणि सासष्टी हे दोन प्रांत आदिलशहाकडून पोर्तुगीजांकडे आले १५४३ मध्ये. धर्मप्रसाराचं काम पंथांनी वाटून घेतलं. सासष्टी जेझुइटांकडे गेली, बार्देश फ्रान्सिस्कनांकडे. फ्रान्सिस्कनांनी बार्देशात उभारलेलं पहिलं चर्च ते हे, १५५५ चं. येशूच्या जन्मानंतर पूर्वेकडून भेटी घेऊन आलेल्या तीन राजांना ते वाहिलेलं आहे. वरच्या किल्ल्याचं पोर्तुगीज बांधकाम १५५१ चं, म्हणजे चर्चच्या चार वर्षं आधीचं. त्याआधी त्या टेकाडावर विजापूरकरांची चौकी होती. टेकडी आधी ताब्यात आली, पाद्री त्यानंतर आले. हा क्रम मनात ठेवून फिरलं तर गाव लवकर उलगडतं.

पाहताना मात्र खालून वर जायचं. कारण सगळ्यात जुनं दगडकाम सगळ्यात खाली आहे आणि सगळ्यात नवं वर. अर्धा दिवस हाताशी ठेवा. सकाळी साडेआठ-नऊला चर्चच्या पायथ्याशी, साडेदहाच्या सुमारास किल्ल्यात आणि बाराच्या आत खाली, असा हिशेब बसतो. उलट क्रमाने गेलात तर किल्ल्यातून उतरेपर्यंत चर्चचं दार लागलेलं असण्याची शक्यता बरीच.

पोचायचं कसं

उत्तम वाट पाण्यावरून. पणजीच्या जुन्या सचिवालयाजवळच्या धक्क्यावरून बेतीची फेरीबोट सुटते. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, आणि पलीकडे जायला चहा संपवण्याइतकाच वेळ लागतो. बेतीच्या धक्क्यापासून चर्च सुमारे तीन किलोमीटर. नदीकाठाने वेरेंपर्यंत जायचं आणि तिथून डावीकडे नदीच्या बाजूला वळायचं. हिवाळ्यात सकाळी हे अंतर चालून जाता येतं, पण रस्ता अरुंद आहे, फुटपाथ नावापुरता आणि वळणावर बस अंगावर आल्यासारखी वाटते. लहान मुलं बरोबर असतील तर चालायच्या भानगडीत पडू नका, पायलट करा. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगायचं तर पायलट म्हणजे मोटारसायकल टॅक्सी, मागे एकच माणूस बसतो. बसण्याआधी भाडं ठरवा.

बसने यायचं असेल तर पणजीहून कांदोळी-कळंगुटला जाणाऱ्या गाड्या आहेत, पण सगळ्या या बाजूने येत नाहीत. काही पर्वरी-साळगावमार्गे जातात, त्या आपल्या उपयोगाच्या नाहीत. चढताना कंडक्टरला ‘बेती-वेरेंमार्गे का?’ एवढंच विचारा आणि वेरेंच्या बाजारात उतरा. पुढे साधारण पंधरा-वीस मिनिटांची चाल.

स्वतःची गाडी असेल तर मांडवी पूल ओलांडल्यावर पर्वरीचा चढ लागण्याआधीच बेतीकडे वळायचं. ते वळण हुकलं की पर्वरीतून लांबचा वळसा पडतो. भाड्याची दुचाकी घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने देणं नियमात बसत नाही, आणि नाक्यावर पोलिसांनी हात केला की सकाळ तिथेच संपते. हेल्मेट मागून घ्या, मागे बसणाऱ्याचंही.

वेरेंच्या पट्ट्यात नौदलाचा तळ आहे. त्याच्या भिंती, फाटकं, धक्के यांचे फोटो काढू नयेत, ड्रोन तर उडवूच नये. फेरीबोटीत चढल्यापासून मोबाइल हातात धरून चित्रीकरण करत येणाऱ्यांना हे आवर्जून सांगावं लागतं.

एकेरी टॅक्सी करून आलात तर परतीची गाडी जागेवर मिळेल अशा भरवशावर राहू नका. इथे कळंगुटसारखा टॅक्सी स्टँड समोर नाही. ओला-उबर गोव्यात चालत नाहीत. येतानाच त्याच चालकाशी दोन-अडीच तासांच्या थांब्याचं बोलून घ्या, नाहीतर वेरेंपर्यंत चालून बस पकडायची तयारी ठेवा.

पायऱ्या आणि सिंह

चर्च रस्त्यापासून चांगलंच उंचावर आहे आणि वर नेणाऱ्या रुंद, खड्या पायऱ्या हीच इथली पहिली वस्तू. तळाशी दोन्ही अंगांना दगडी सिंह आहेत. बहुतेक लोक त्यांच्या पाठीवर मुलं बसवून फोटो काढतात आणि वर चढून जातात. तसं करू नका. एक तर ते दगड शेकडो वर्षांचे आहेत. दुसरं म्हणजे ते चर्चसाठी घडवलेले नाहीत.

युरोपातल्या राजचिन्हांच्या ढालींवर येणारा सिंह बघा: बहुतेकदा मागच्या दोन पायांवर उभा, पंजे उगारलेले, शेपूट वर. इथले सिंह त्या जातीचे नाहीत. ते आपल्याकडच्या देवळांच्या सोपानाला, मंडपाच्या जोत्याला शोभणाऱ्या घडणीचे आहेत, आणि अभ्यासक त्यांचा धागा विजयनगरच्या शैलीशी जोडतात. चर्च मंदिराच्या जागेवर उभं आहे असं मानलं जातं. हे सिंह त्याला बळ देतात. बार्देशातली बहुतेक देवळं सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाडली गेली आणि कितीतरी देव नदीपार, डिचोली-पेडणे-फोंड्याच्या बाजूला हलले. ती सगळी हकीगत पुस्तकात वाचणं वेगळं आणि चर्चच्या पहिल्या पायरीला ती उभी असलेली बघणं वेगळं. सिंहाच्या तोंडापासून आयाळीपर्यंत नजर सावकाश फिरवा. पावसाने धार बोथट झालेले भाग कुठले आणि चुन्याचे थर चढलेले कुठले, हे जवळून कळतं. हात लावायची गरज नाही.

पायऱ्यांबद्दल एक व्यवहाराची सूचना. जून ते सप्टेंबर त्यांच्यावर शेवाळ धरतं. जांभा सच्छिद्र दगड, तो पाणी पितो आणि उशिरा सुकतो. पाऊस थांबून ऊन पडलं तरी सावलीकडची कड निसरडीच राहते. चामड्याच्या तळव्याची चप्पल आणि गुळगुळीत झालेले सँडल इथे घसरतात. रबरी खाचांचा तळवा असलेलं काहीतरी पायात हवं. गुडघेदुखीवाल्यांनी मधे थांबत चढावं, घाई कुणालाच नसते.

दर्शनी भिंत

वर पोचल्यावर दाराकडे धावू नका. चार पावलं मागे सरका, तोल सांभाळून, कारण मागे पायऱ्याच आहेत. वर मान करून बघितलं की मुकुटासह पोर्तुगालचं राजचिन्ह दिसतं. ते वाचायला सोपं आहे. मधल्या ढालीत क्रुसाच्या आकारात मांडलेल्या पाच छोट्या ढाली, आणि कडेच्या पट्टीवर किल्ले. पोर्तुगीज राजचिन्हात हे किल्ले सात असतात. गोव्यात जुन्या वाड्यांवर, कमानींवर, तोफांवर हेच चिन्ह पुन्हा पुन्हा भेटतं, त्यामुळे इथे एकदा नीट ओळखून घेतलं की पुढच्या सगळ्या सहलीत उपयोगी पडतं.

गावातल्या चर्चवर राजाचं चिन्ह एवढ्या ठळकपणे का? तर हे साधं गावचं चर्च नव्हतं. इथे फ्रान्सिस्कनांचं शिक्षणाचं केंद्र होतं. लिस्बनहून नव्याने आलेले आणि परत जायला निघालेले बडे अधिकारी या ठिकाणी मुक्काम करत. गलबत मांडवीच्या मुखातून आत आलं की राजधानीच्या आधी हे लागे. म्हणजे पाण्यातून येणाऱ्याला पहिला मोठा दर्शनी भाग दिसायचा तो हाच. आज पायऱ्यांच्या माथ्यावरून नदीकडे पाठ केली की आपण नेमके त्या दर्शनी भागासमोर उभे असतो.

पांढऱ्या रंगाचंही कारण आहे. उघडा जांभा पावसात झिजतो, त्याच्या छिद्रांत पाणी साठून थर सुटत जातात. चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच हात हे त्याचं कवच. तो दर काही वर्षांनी पावसाळ्यानंतर नव्याने द्यावा लागतो. नोव्हेंबर-डिसेंबरात आलात तर भिंत डोळे दिपवणारी दिसते. ऑगस्टात तीच भिंत काळ्या-हिरव्या ओघळांची असते. फोटोसाठी येणाऱ्यांनी हे ध्यानात घेऊन महिना निवडावा.

आत

दार उघडं असणं ही पहिली अट. हे चालतं-बोलतं चर्च आहे, संग्रहालय नव्हे. सकाळची मीस, म्हणजे सामूहिक प्रार्थना, संपल्यानंतरचा काळ सगळ्यात भरवशाचा. रविवारी सकाळी पर्यटक म्हणून जाऊच नये. लोक प्रार्थनेला आलेले असतात आणि आपण त्यांच्या पाठीमागे कुजबुजत उभे राहतो, ते वाईट दिसतं. लग्न किंवा अंत्यविधी असेल तर बाहेरूनच परता. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. समुद्रावरून थेट बर्म्युडात येणाऱ्यांना कुणी हाकलत नाही म्हणून ते चालतं असं नाही. टोपी काढायची. मीस चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसायचं किंवा बाहेर थांबायचं, आणि फोटो काढण्याआधी तिथे असलेल्या माणसाला विचारायचं. फ्लॅश कधीच नको. सोनेरी मुलाम्याच्या लाकडाला तो चांगला नाही आणि प्रार्थनेला बसलेल्यांना त्याहून नाही.

बाहेरच्या उजेडातून आत गेलं की पहिला मिनिटभर काहीच दिसत नाही. दाराजवळच थांबा. डोळे सरावले की समोरचा मुख्य आल्तार, म्हणजे वेदी, उलगडतो: सोनेरी, रंगवलेलं लाकडी कोरीवकाम, आणि त्यात या चर्चचं मुख्य दृश्य, म्हणजे बाळ येशूला भेट देणारे तीन राजे. सोनं, ऊद आणि बोळ घेऊन ते आले अशी कथा. गोव्यातल्या बहुतेक मोठ्या आल्तारांत मध्यभागी एकटी मूर्ती असते. इथे अख्खा प्रसंगच कोरलेला आहे. राजांचे पोशाख, हातातल्या वस्तू, त्यांचे रंग हे सगळं निरखायला बाकावर बसा, उभ्याने घाई होते. छोटी दुर्बीण असेल तर आणा. पक्षी बघणाऱ्यांची आठ पट वाढवणारी दुर्बीण इथे उत्तम काम देते, आणि तिने कुणाला त्रासही होत नाही.

मग मात्र वर बघणं थांबवून खाली बघा. या चर्चचा दुसरा ठेवा पायाखाली आहे: मृतांच्या शिला. यातली महत्त्वाची शिला दों लुईस द अताईद या व्हाइसरॉयची. तो दोनदा व्हाइसरॉय झाला, १५६८ ते १५७१ आणि १५७८ ते १५८१, आणि दुसऱ्या कारकिर्दीतच गोव्यात वारला. मराठी वाचकाने त्याचं नाव लक्षात ठेवावं अशी गोष्ट पहिल्या कारकिर्दीतली. १५७० मध्ये विजापूरच्या अली आदिलशहाने गोव्याला वेढा घातला, त्याच सुमारास अहमदनगरच्या निजामशहाने चौलला. दक्षिणेतल्या सुलतानांनी ठरवून केलेली ही चढाई होती आणि पोर्तुगीज भारतातून उखडले जातात की काय अशी वेळ आली होती. गोवा आणि चौल दोन्ही टिकले. गोव्याचा बचाव केला तो याच माणसाने. पोर्तुगीजांचं चौल म्हणजे आजचं रेवदंडा. त्याच्या तटावर फिरलेल्या कुणालाही त्या गोष्टीचं दुसरं टोक इथे सापडतं.

शिला वाचण्याची युक्ती अशी. अक्षरं झिजलेली असतात आणि वरून टॉर्च मारला तर सपाट दगडाखेरीज काही दिसत नाही. मोबाइलचा टॉर्च जमिनीला जवळजवळ टेकवून एका बाजूने तिरका धरा. सावल्या पडतात आणि अक्षरं उठून येतात. शब्द जोडून कोरलेले, मधली अक्षरं गाळलेली आणि ‘यू’च्या जागी ‘व्ही’ हे त्या काळच्या शिलांवर नेहमीचं. बरीचशी सुरुवात ‘इथे विसावला आहे’ अशा अर्थाच्या शब्दांनी होते, पुढे नाव, मग पद, शेवटी साल. पोर्तुगीज येत नसलं तरी नाव आणि साल तेवढं लागतं. शिलांवर उभं राहू नका, खडू किंवा पावडर चोळून अक्षरं उठवू नका, कागद ठेवून ठसाही घेऊ नका. प्रत्येक वेळी दगडाचा कण सुटतो.

माहितीफलकाची किंवा वाटाड्याची अपेक्षा धरून आत जाऊ नका. इथली माणसं विचारलं तर आपुलकीने सांगतात. कोकणीतून चार शब्द टाकले तर जास्तच. पण तयारी करून गेलेल्यालाच हे चर्च बोलतं. या बाबतीत जुन्या गोव्यातली चर्च सोपी पडतात. तिथे फलक आहेत, वाटाडे आहेत आणि गर्दीही आहे. आणि वसईशी ताडून बघायचं असेल तर फरक ढळढळीत. वसईच्या किल्ल्यातली चर्च छप्पर गेलेली, वेली चढलेली, म्हणून ती देखणी पण मुकी वाटतात. इथलं चर्च त्याच शतकातलं असून आजही गावाच्या बारशा-लग्नांत गुंतलेलं आहे.

फ्रान्सिस्कन मात्र गेले. बार्देशातली चर्च अठराव्या शतकात त्यांच्या हातून स्थानिक पाद्रींकडे आली आणि १८३५ मध्ये गोव्यातले सगळे पंथच बरखास्त झाले. मठांच्या इमारती ओस पडून ढासळल्या, गावची चर्च तेवढी टिकली, कारण ती गावकऱ्यांनी सांभाळली. जुन्या गोव्यात फ्रान्सिस्कनांचा जो मोठा मठ आहे त्यात आता पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. हे गाव पाहून दुसऱ्या दिवशी ते पाहिलं तर जोडणी नीट लागते.

किल्ला

किल्ला सोमवारी बंद असतो. इतर दिवशी साधारण साडेनऊला उघडतो, पाचला बंद होतो. तिकीट मामुली आहे. सुटे पैसे जवळ ठेवा, नेटवर्क नसेल तर यूपीआय अडतं. गाडी खाली चर्चजवळच ठेवून चढ पायी चढा, पाच-सात मिनिटांचंच काम आहे.

इमारत आज दिसते ती मुख्यतः १७०७ च्या पुनर्बांधणीची. आकाराने लहान, पण जागा अचूक हेरलेली. मांडवीचं मुख इथे आवळलेलं आहे आणि समोरच्या काठावर गास्पर दियसचा किल्ला होता. दोन्हीकडून तोफा डागल्या की मधून जाणारं गलबत सुटणं कठीण. समोरचा किल्ला आता उरलेला नाही, मीरामारच्या बाजूला केवळ नाव राहिलंय. पुढे अगदी समुद्राच्या तोंडाशी १६१२ मध्ये आग्वादचा किल्ला झाला, तेव्हा पहिल्या फळीचं काम तिकडे गेलं आणि रेईश मागूश दुसऱ्या फळीत आला. दुसऱ्या फळीतला म्हणून त्याला कमी लेखू नका. १७३९ मध्ये, वसई चिमाजीआप्पांच्या हाती पडली त्याच वर्षी, सावंतवाडीच्या भोसल्यांनी बार्देश व्यापला. सारा प्रांत गेला, पोर्तुगीजांकडे राहिले ते फक्त आग्वाद आणि रेईश मागूश. तटावर उभं राहून उत्तरेकडे वळलं की कळतं का ते: मागची बाजू चढाची, समोर नदी, आणि नदीमार्गे पणजी-जुन्या गोव्याहून रसद येत राहिली तर उपासमारीने किल्ला पाडता येत नाही.

आत शिरताना दरवाजाच्या वर मान करून बघा. छतात एक भोक ठेवलेलं आहे, दरवाजा फोडून आत घुसणाऱ्यांवर वरून उकळतं तेल वगैरे ओतायला. आपल्याकडच्या गडांच्या दरवाजांतही ही व्यवस्था भेटते, पण इथे ती खालून आणि वरून दोन्हीकडून पाहता येते, हे विशेष. बुरुजांच्या कोपऱ्यांवरच्या गोल टेहळणी कोठड्यांत एका वेळी एकच माणूस मावतो. त्यांच्या फटीतून नदी बघा, नुसती कठड्यावरून नव्हे. पहारेकऱ्याला नेमका कुठला पट्टा दिसत होता ते तेव्हाच उमगतं. एके काळी इथे ३३ तोफा होत्या असं नोंदलेलं आहे. आता मोजक्याच उरल्यात.

पुढे किल्ल्याचा तुरुंग झाला आणि तो चक्क १९९३ पर्यंत चालला. मग पडझड. २००८ पासून इंटॅक ही वारसा जपणारी संस्था, हेलन हॅमलिन ट्रस्ट आणि गोवा सरकार यांनी मिळून दुरुस्ती केली, वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा, आणि २०१२ मध्ये तो लोकांसाठी उघडला. दुरुस्ती चांगली झाली आहे. सिमेंट थापून जांभ्याचं वाटोळं केलेल्या अनेक जागा गोव्यात आहेत. सिमेंट घट्ट, जांभा सच्छिद्र, आत गेलेलं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलावा दगडाचा पापुद्रा घेऊन निघतो. त्या तुलनेत इथल्या भिंती श्वास घेताना दिसतात. माझा आक्षेप एवढाच की किल्ला जरा जास्तच नीटनेटका झालाय. तुरुंगाच्या काळाचा मळ आणि दाटी कल्पनेनेच भरून काढावी लागते.

दालनांपैकी गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या चित्रांचं दालन चुकवू नका. २०११ च्या डिसेंबरात ते गेले आणि पुढच्याच वर्षी किल्ला उघडला. त्यांच्या चित्रांतले पाद्री, तियात्राचे (कोकणी नाटकाचे) प्रेक्षक, बाजारातल्या मासळीवाल्या बघून खाली वेरेंच्या बाजारात उतरलं की चेहरे ओळखीचे वाटू लागतात. स्वातंत्र्यलढ्याचं दालनही आहे. गोवामुक्तीचा लढा महाराष्ट्रातल्या किती घरांपर्यंत पोचला होता हे ठाऊक असेल तर तिथे पंधरा मिनिटं सहज जातात. सगळा किल्ला तासाभरात होतो, दालनं नीट पाहिली तर सव्वा तास.

ऊन हा इथला खरा शत्रू. माथ्यावर सावली थोडी, दुपारी बारा ते तीन दगड तापलेला. मार्च ते मे या महिन्यांत दुपारी वर जाण्यात मजा नाही. पाणी खालूनच घेऊन चढा, माणशी एक लिटर. संध्याकाळी चारनंतर आलात तर उजेड सुंदर असतो पण पाचला बाहेर काढतात, त्यामुळे सूर्यास्त किल्ल्यातून बघायचा बेत करून येणारे हिरमुसतात. सूर्यास्त खाली नदीकाठाने किंवा नेरूलच्या बाजूला कोको बीचवर बघा.

खाणं

किल्ला आणि चर्च यांच्यामध्ये पोट भरण्याची सोय गृहीत धरू नका. नाश्ता वेरें किंवा बेतीच्या चहाच्या दुकानात उरकून या: भाजी-पाव, बन्स, मिरची. दहानंतर भाजी संपलेली असते, हे गोव्यात सगळीकडेच. जेवणाला नेरूल-वेरेंच्या पट्ट्यात साधी मासळीची थाळी मिळते. एक ते दोन हा बरा वेळ, अडीचनंतर उरलंसुरलं. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, तेव्हा ‘ताजी इसवण’ (सुरमई) म्हणून ताटात येणारा तुकडा बहुतेक बर्फातला. त्या दिवसांत नदीचे मासे किंवा तिसऱ्या मागाव्यात.

फेस्त

६ जानेवारीला तीन राजांचं फेस्त, म्हणजे चर्चचा वार्षिक उत्सव. गोव्यात या सणासाठी तीन गावं ओळखली जातात: बार्देशात हे, आणि सासष्टी-मुरगावच्या बाजूला चांदर व कासावली परिसर. राजांचा पोशाख केलेली मुलं, मिरवणूक, बँड, रस्त्याकडेला खाजं आणि लाडवांची दुकानं. गाव बघायला हा दिवस चांगला नाही, गावची माणसं बघायला मात्र याहून चांगला नाही. पायऱ्या माणसांनी भरलेल्या असतात, शिला दिसत नाहीत, आल्तारासमोर पाच मिनिटं उभं राहता येत नाही. आल्तार आणि शिला निवांत पाहायच्या असतील तर फेस्तानंतरच्या आठवड्यात या. सजावट काही दिवस टिकते आणि गर्दी ओसरलेली असते. फेस्तालाच यायचं असेल तर गाडी वेरेंच्या पुढे आणू नका. नदीकाठचा रस्ता एका गाडीपुरताच, समोरून बस आली की दोन्ही बाजू अडतात. बेतीच्या फेरीने पायी या आणि परतताना शेवटची फेरी किती वाजता ते चढतानाच धक्क्यावर विचारून ठेवा.